मनुष्याच्या इच्छा व ख्रिस्ती इंद्रियदमन

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ५:१६-२५, याकोबाचे पत्र १:१३-१५

रायपूर शहराला लागून असलेल्या बीरगांवच्या शेजारी उरला ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत लोखंड-पोलादाचे काम चालते. भट्टीतील अग्नी भट्टीच्या भिंतींच्या आत असतो तोवर तो कठीण लोखंडालाही उपयोगाचा आकार घेण्याजोगे मऊ करतो. तोच अग्नी भिंतीबाहेर आला म्हणजे काम करणाऱ्याच्याच जिवावर उठतो. मनुष्याच्या इच्छांचेही असेच आहे. म्हणून ख्रिस्ती मनुष्यापुढे प्रश्न असा, की त्याने आपल्या अंतःकरणातील अग्नी विझवून टाकावा, की त्याला योग्य जागी ठेवावे? आणि ठेवावे तर कोणाच्या सामर्थ्याने?

१. इच्छा मुळात पाप आहे काय?

पुष्कळ भाविकांची अशी समजूत असते की, इच्छा म्हणजेच पाप, आणि पवित्रता म्हणजे काहीही न वाटणे. पवित्र शास्त्र असे शिकवीत नाही. आपल्या प्रभूला भूक लागली (मत्तय ४:२), तहान लागली (योहान १९:२८), तो थकून तारवात झोपी गेला (मार्क ४:३८). दुःख सोसण्यापूर्वी शिष्यांबरोबर वल्हांडणाचे भोजन करावे अशी आपली उत्कट इच्छा असल्याचे त्याने स्वतः सांगितले (लूक २२:१५). तेथे मूळ ग्रीक भाषेत ‘एपिथुमिया’ हा शब्द आहे, आणि याकोबाने मोहात ओढणाऱ्या वासनेविषयी लिहिताना हाच शब्द वापरला आहे. शब्द एक, परंतु इच्छेची दिशा वेगळी.

उत्पत्तीच्या पुस्तकात हेच दिसते. देवाने एदेन बागेत लावलेली झाडे दिसण्यास सुंदर व खाण्यास चांगली होती (२:९). हव्वेने मना केलेल्या झाडाकडे पाहिले तेव्हा तिलाही ते खाण्यास चांगले व दिसण्यास मनोहर वाटले (३:६). डोळे देवाचेच दान, भूकही देवाचेच दान. पाप शिरले ते देवाचा शब्द बाजूला सारून ते दान ओरबाडून घेण्यात.

२. इच्छा पापास केव्हा जन्म देते?

याकोब या गोष्टीचा क्रम दाखवितो : वासना ओढते व भुलविते, मग गर्भवती होऊन पापास जन्म देते, आणि पापाची वाढ झाली म्हणजे मरण येते. या क्रमात पहिली पायरी लहान असते, म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. एसाव रानातून भुकेने व्याकूळ होऊन आला. त्या भुकेत दोष नव्हता. परंतु वरणाच्या एका वाटीसाठी त्याने ज्येष्ठपणाचा हक्क विकला (उत्पत्ती २५:२९-३४). आजची भूक इतकी मोठी झाली की, उद्याचा आशीर्वाद त्याला दिसेना. पगाराच्या दिवशी जो मनुष्य घराकडे जाण्याऐवजी गुत्त्याकडे वळतो, किंवा जो मध्यरात्री एकटाच मोबाईलच्या पडद्याला चिकटून राहतो, तो एसावाचाच व्यवहार करीत असतो. त्याची किंमत मात्र बहुधा पत्नी व मुले भरतात. स्वतःच्या आत्म्यावर ताबा नसलेला मनुष्य तट पडलेल्या नगरासारखा आहे असे नीतिसूत्रांत सांगितले आहे (२५:२८). तट पडला म्हणजे आत राहणारे सर्वच उघडे पडतात.

येथे मंडळीनेही आपले परीक्षण करावे. पौलाने देहाच्या कर्मांची जी यादी दिली आहे (गलती ५:१९-२१), तिच्यात जारकर्म व दारूबाजी यांच्याबरोबरच वैर, हेवा, राग व तट पाडणे हीही आहेत. दारूच्या अधीन झालेल्या बांधवाला आपण मंडळीत मागे बसवितो. रागाच्या अधीन झालेला व तट पाडणारा मात्र कधी कधी मंडळीच्या कारभारात पुढे बसलेला असतो. प्रेषिताने असा भेद केलेला नाही.

३. इंद्रियदमन हे फळ आहे

‘दमन’ या शब्दामुळे आपल्यापुढे केवळ दडपून टाकण्याचे चित्र उभे राहते. मूळ ग्रीक शब्द ‘एन्क्रतेइया’ हा सामर्थ्य व सत्ता या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. स्वतःवर सत्ता चालविणे असा त्याचा भाव. ही सत्ता कोठून येते? पौल तिला आत्म्याचे फळ म्हणतो. शिवू नको, चाखू नको अशा नुसत्या नियमांनी देहाच्या लालसेला आळा बसत नाही, असे तो कलस्सैकरांस बजावितो (२:२०-२३). उलट तीताला तो लिहितो की, देवाची कृपाच आपल्याला ऐहिक वासना नाकारून मर्यादेने वागण्यास शिकविते (२:११-१२).

येथे दोन चुका संभवतात. एक मनुष्य केवळ स्वतःच्या निग्रहावर विसंबतो. तो झाडलेल्या पण रिकाम्या घरासारखा होतो, आणि गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परत येतो (लूक ११:२४-२६). दुसरा म्हणतो, फळ तर आत्म्याचे, मग मी काय करावे? त्याला पौल आखाड्यातील स्पर्धक दाखवितो, जो नाशवंत मुकुटासाठी सर्व गोष्टींत संयम पाळतो (१ करिंथ ९:२५). फळ माळी निर्माण करीत नाही हे खरे; पण तण न काढणाऱ्या माळ्याच्या हाती ते लागत नाही.

४. राजनांदगावच्या वाटेवरील एक साक्ष

छत्तीसगडच्या याच भूमीशी निगडित असे एक उदाहरण मराठी ख्रिस्ती वाचकांना परिचित आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असताना एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला व तो वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी ते पाळले. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. रागाला व वासनेच्या दृष्टीला अंतःकरणातच हात घालणारे ते अध्याय! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक भावनाप्रधान व तापट होते. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांचा हा स्वभाव झाकून ठेवलेला नाही, आणि बाप्तिस्म्याने तो एका दिवसात पालटला असेही भासविलेले नाही. परंतु तीच उत्कटता हळूहळू प्रभूच्या चरणी लागली. तिच्यातून अभंग, भजने व ‘ख्रिस्तायन’ यांचा आरंभ झाला. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या कार्यास स्वतःला वाहून घेतले. देवाने त्यांच्या स्वभावातील अग्नी विझविला नाही, तर त्याला आपल्या कामी लावले.

५. उद्यावर टाकू नका

सुभेदार फेलिक्स याच्यापुढे पौलाने नीतिमत्त्व, इंद्रियदमन व पुढे होणारा न्याय यांविषयी भाषण केले. फेलिक्स घाबरला, पण सवड झाली म्हणजे बोलावीन असे म्हणून त्याने पौलाला परत पाठविले. त्यानंतर तो त्याला वारंवार बोलावी, ते मात्र पैशाच्या आशेने (कृत्ये २४:२४-२६). भय वाटणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. एक इच्छा दुसऱ्या मोठ्या इच्छेनेच जिंकली जाते. म्हणूनच नीतिमत्त्वाची भूक व तहान असणारे धन्य होत, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:६).

तेव्हा प्रिय वाचकहो, मोहाची जागा व वेळ ओळखा आणि योसेफाप्रमाणे तेथून निघून जा. जागृत राहा व प्रार्थना करा. एखाद्या विश्वासू बांधवापाशी किंवा भगिनीपाशी आपली दुर्बलता उघड करा. गुप्त ठेवलेली वासना एकांतात वाढते. आणि पडलात तर पडून राहू नका; जो प्रभू पेत्राला पुन्हा उभे करतो, तो आपल्यालाही उभे करील.

मननासाठी प्रश्न

१. माझी कोणती इच्छा देवाचे दान आहे, व कोठे ती माझी धनीण झाली आहे?
२. माझ्या असंयमाची किंमत माझ्या घरातील कोण भरीत आहे?
३. ज्या इच्छेचा मी त्याग करू पाहतो, तिच्या जागी मी कोणती उत्तम इच्छा प्रभूजवळ मागत आहे?