वेढ्यांआधी तांबे

नांदेड

चि. बाळास,


सौर पंपाची चुंबकी मोटार स्वतः वाइंड करायची आणि जोर वाढावा म्हणून वेढे वाढवायचे, हा तुझा बेत कळला. उमेद चांगली आहे. पण वेढ्यांनी जोर वाढत नाही, हे आधी मनात पक्के कर. खाचेत मावणारे तांबे ठरलेले असते. वेढे दुप्पट केलेस की तारेचा छेद निम्मा आणि रोध चौपट होतो. तोच टॉर्क द्यायला प्रवाह मात्र निम्माच लागतो, म्हणून तांब्यात वाया जाणारी वीज होती तेवढीच राहते. बदलते ते व्होल्टेज. पॅनेल आणि कंट्रोलरशी मोटारीचा मेळ बसवणे एवढेच वेढ्यांचे काम. मोटारीचा कस ठरतो तो खाचेत किती तांबे बसले आणि कॉइल कशी मांडली यावर.

तू म्हणशील, रिवाइंडिंगच्या दुकानात तर वेढ्यांचा आकडा आधी टिपून घेतात. ते योग्यच आहे, कारण तिथे बहुतेक इंडक्शन मोटारी येतात. त्यांचे चुंबकीय क्षेत्र पुरवठ्याचे व्होल्टेज आणि वेढे मिळून ठरवतात. वेढे कमी पडले तर बिनभाराचा प्रवाह वाढून मोटार तापते. तुझ्या मोटारीत क्षेत्र चुंबकांचे, आयते मिळालेले. वेढे जास्त झाले तर पूर्ण वेग येण्याआधीच बॅक ईएमएफ, म्हणजे फिरत्या मोटारीत उलट उपजणारे व्होल्टेज, पॅनेलच्या व्होल्टेजला भिडेल आणि पंप मंद पडेल. कमी झाले तर कंट्रोलरवर प्रवाहाचा बोजा येईल.

आता मांडणी. प्रत्येक दातावर एक कॉइल घेतलीस, तर १२ खाचा आणि ८ ध्रुवांना वाइंडिंग फॅक्टर, म्हणजे वेढ्यांचा प्रत्यक्ष कामी येणारा अंश, ०.८६६ मिळतो, १० ध्रुवांना ०.९३३. बाकी सारे समान धरले, तर तेवढ्याच टॉर्कसाठी पहिल्या रचनेत तांब्यातली हानी सुमारे १६ टक्के जास्त. यावर रास्त आक्षेप असा, की मिनिटाला ३००० फेऱ्यांना १० ध्रुवांची वारंवारता २०० ऐवजी २५० हर्ट्झ होते आणि लोखंडातली हानी वाढते. म्हणून पत्रे पातळ निवड आणि दोन्ही हानींची बेरीज करून मगच ठरव. दातावरच्या कॉइलचा ओव्हरहँग, म्हणजे खाचेबाहेर वळणारा तारेचा भाग, आखूड असतो, हा तिचा मोठा गुण. पण तो स्कूटरच्या चपट्या हब मोटारीत जास्त फळतो. बोअरची मोटार बारीक आणि लांब, तिथे ओव्हरहँगचा वाटा मुळातच कमी. स्कूटरचे आकडे इथे उचलू नकोस.

वेढ्यांच्या नियमाला एक अपवाद मात्र आहे. पाणी भरलेल्या सबमर्सिबलमध्ये तारेवर प्लॅस्टिकचे जाड आवरण लागते. बारीक तारेचे पुष्कळ वेढे घातले तर खाचेतली जागा तांब्याऐवजी आवरणच खाते. तेव्हा कंट्रोलरचा प्रवाह झेपेल तितके वेढे कमी आणि तार जाड ठेव.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पॅनेलने दिलेला वॅट तांब्यात जळणे म्हणजे तेवढे पाणी खोलातच राहणे. म्हणून आधी खाचेचे क्षेत्रफळ काढ, मग ध्रुव, मग गेज आणि शेवटी वेढे ठरव. मोटार तयार झाली की ती ठरावीक वेगाने बाहेरून फिरवून बॅक ईएमएफ मोज. ते हिशेबाशी जुळले नाही, तर बोअरमध्ये सोडण्याआधी चूक शोध. हिशेबाची वही पाठव. मी तपासून देईन.

तुझा,
मामा