निळी पेटी

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पोहण्याच्या बाबतीत ते खरेही आहे. कारण तेथे पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभे राहण्याची सोय असते, पाठीला भोपळा बांधता येतो आणि जवळ कोणीतरी जाणते माणूस असते. आकाशात मात्र कमरेइतके पाणी कोठेच नाही. विमान जमिनीवरून उठले की नवशिक्या आणि कसलेला ह्या दोघांनाही खोली सारखीच. म्हणून जमिनीवर बसूनच उडण्याचा सराव करता येईल काय, हा विचार विमानविद्येच्या बाल्यावस्थेपासून लोकांच्या मनात घोळत होता. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये 'आंत्वानेत' विमान चालविण्यास शिकणाऱ्यांना अर्ध्या पिंपासारख्या बैठकीत बसवीत. बाहेर उभे असलेले साहाय्यक ती बैठक हातांनी डोलवीत आणि शिकाऊ माणसाने चाके फिरवून तिचा तोल सावरावयाचा असे. कल्पना चांगली होती. परंतु हातांनी डोलविलेले पिंप शेवटी पिंपच!

ह्या कल्पनेला खरे रूप दिले ते अमेरिकेतील एडविन लिंक ह्याने. त्याचा जन्म १९०४ सालचा. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा आपोआप वाजणारे पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. एडविनला ओढ होती विमानाची. १९२० साली त्याने पन्नास डॉलर मोजून उड्डाणाचा पहिला धडा घेतला. शिक्षकाने विमानाला आकाशात कोलांट्या घालावयास लावल्या, गिरक्या मारल्या आणि तासाभराने तो खाली उतरला. तेवढ्या वेळात विद्यार्थ्याचा हात नियंत्रणदांड्याला एकदाही लागला नव्हता. असे शिक्षण काय कामाचे, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात घर करून राहिला.

पुढे उत्तर सापडले ते वडिलांच्या कारखान्यातच. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे ऑर्गनलाही भाते असतात. हवा भरली की भाता फुगतो, काढून घेतली की मिटतो. छोट्या लाकडी विमानाखाली असे भाते बसवून ते नियंत्रणदांड्याशी जोडले, तर दांडी पुढे ढकलताच नाक खाली झुकेल आणि डावीकडे नेताच विमान डावीकडे कलेल. कारखान्याच्या तळघरात दीड वर्ष खपून लिंकने असे यंत्र तयार केले आणि १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्या अर्जात हे साधन शिकाऊ वैमानिकांसाठी व करमणुकीसाठी असल्याचे म्हटले होते. दुर्दैवाने जगाने त्यातला दुसराच उपयोग आधी उचलला. विमानविद्यालये त्याकडे पाहीनात. यंत्रे विकली गेली ती मनोरंजनाच्या बागांना. तेथे नाणे टाकून लोक त्यात बसत, हसत आणि उतरून पुढच्या पाळण्याकडे जात.

लिंक मात्र त्यात सुधारणा करीत राहिला. त्याने यंत्रात दिशा, उंची, वेग व कल दाखविणारी उपकरणे बसविली. ह्या उपकरणांचे महत्त्व समजण्यासाठी ढगात शिरलेल्या वैमानिकाची अवस्था पाहिली पाहिजे. आपल्या कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि आपल्याला वळण्याची जाणीव होते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले, तर थोड्याच वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि ती जाणीव नाहीशी होते. बाहेर क्षितिज दिसत असेल, तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात क्षितिज नसते. विमान कलून गोल गोल खाली चाललेले असते आणि वैमानिकाला वाटते की आपण सरळ चाललो आहोत! अशा वेळी स्वतःच्या शरीराला खोटे ठरवून समोरच्या काट्यावर विश्वास ठेवावा लागतो. हे ऐकून येत नाही. त्यासाठी सवय लागते.

ही सवय नसल्याची किंमत अमेरिकेने १९३४ मध्ये मोजली. त्या वर्षी फेब्रुवारीत सरकारने विमान-टपालाचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून घेऊन सैन्याच्या वैमानिकांकडे सोपविले. कडक हिवाळा होता. रात्रीचे व धुक्यातले उड्डाण त्यांच्या अंगवळणी पडलेले नव्हते आणि पुष्कळ विमानांवर पुरेशी उपकरणेही नव्हती. काही आठवड्यांतच एकामागून एक अपघात झाले आणि दहाहून अधिक वैमानिक प्राणांस मुकले.

तेव्हा सैन्याच्या अधिकाऱ्यांना जत्रेतल्या त्या यंत्राची आठवण झाली. नेवार्क येथील विमानतळावर लिंकची भेट ठरली. त्या दिवशी इतके धुके पडले होते की कोणी येणे शक्य नाही, असे समजून अधिकारी निघण्याच्या बेतात होते. इतक्यात विमानाची घरघर ऐकू आली आणि लिंक धुक्यातून एकटाच खाली उतरला. यंत्राविषयी एक शब्द बोलण्यापूर्वीच त्याने अर्धा वाद जिंकला होता. तरीही अधिकाऱ्यांपुढे प्रश्न होताच. ज्यात बसून मुले हसतात, त्यावर सैनिकाचा जीव विसंबावा काय? आणि मरणाचे भय नसलेल्या जागी शिकलेले धैर्य खऱ्या ढगात टिकेल काय? शंका रास्त होत्या. परंतु टपालाच्या वाटेवर गेलेले जीवही खरेच होते. सैन्याने सुमारे साडेतीन हजार डॉलर दराने सहा यंत्रे घेतली. एवढ्या मोठ्या सैन्याला सहा म्हणजे फार नव्हेत. पण परीक्षा पाहण्यास पुरेशी होती.

निळ्या रंगामुळे ह्या यंत्राला वैमानिक 'निळी पेटी' म्हणत. आत बसल्यावर वरचे झाकण बंद होई आणि उपकरणांखेरीज काही दिसत नसे. शिक्षक शेजारच्या मेजापाशी बसून ध्वनिवाहकातून सूचना देई. मेजावरच्या नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र शाईची रेघ ओढीत फिरे. विद्यार्थी कोठे भरकटला, ते त्या रेघेत उमटे. उंची दाखविणारा काटा शून्यावर आला, म्हणजे विमान 'कोसळले', की झाकण उघडून विद्यार्थी घाम पुशीत बाहेर येई आणि पुन्हा बसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली व पाच लाखांहून अधिक वैमानिक त्यांवर शिकले.

आज असे यंत्र घरच्या संगणकावरही चालते. 'डीसीएस वर्ल्ड' नावाच्या युद्धविमानांच्या खेळात विमान हुबेहूब उभे केलेले असते. त्यातील ए-१० ह्या विमानाची रचना तर अमेरिकेतील वैमानिकांच्या सरावासाठी केलेल्या साधनातूनच निघाली. तो खेळावा की नाही, हा प्रश्न नेवार्कच्या अधिकाऱ्यांच्या प्रश्नासारखाच आहे. केवळ धडाधड गोळ्या झाडण्याची हौस असेल, तर निराशाच पदरी पडेल; कारण एक इंजिन सुरू करण्यासाठी अनेक कळा ठरलेल्या क्रमाने दाबाव्या लागतात, माहितीपुस्तिका शेकडो पानांची असते आणि चांगला संगणक व दांडी ह्यांचा खर्च घरच्यांना विचारूनच करावयाचा असतो. शिवाय जोरदार वळणात शरीरावर पडणारा भार खुर्चीत कळत नाही. पडद्यावर बॉम्ब पडतो, तेथील घरांत कोणी राहत नसते. खऱ्या वैमानिकाला हा दिलासा नसतो. ज्याला विमान कसे चालते हेच जाणून घ्यावयाचे आहे, त्याला मात्र दोन विमाने विनामूल्य मिळतात. त्यांपैकी मस्टँग जातीच्या विमानाला शस्त्रे मुळीच नाहीत. ते दोन आसनांचे, शिकवणीचे विमान आहे.