वाघिणीच्या दांड्या

ही वाघीण रानातली नव्हे. मालगाडीच्या डब्यालाही आपण वाघीण म्हणतो. आणि जिची हकीकत येथे सांगावयाची आहे, ती वाघीण तर तुमच्या ओंजळीत सहज मावेल.

अमेरिकेत रेल्वेच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद पुष्कळ प्रौढ माणसांनाही आहे. या प्रतिकृतींचे तेथे फार प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे होय. खऱ्या एका फुटाच्या जागी येथे साडेतीन मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने चाळीस फुटांची वाघीण चौदा सेंटिमीटरांची होते, आणि पावणेसहा फूट उंचीचा मनुष्य जेमतेम दोन सेंटिमीटरांचा!

बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची वाघीण दिसावयास सुबक असते. पण तिच्या भिंतीकडे नीट निरखून पाहा. चढताना हाताने धरावयाच्या ज्या लोखंडी दांड्या खऱ्या वाघिणीला असतात, त्यांच्या जागी येथे नुसते उंचवटे उमटवलेले असतात. साच्यातून भिंतीबरोबरच निघालेल्या त्या उंचवट्यामागे पोकळी नसते. मग त्या दोन सेंटिमीटरांच्या मनुष्याने बोटे घालावीत कोठे?

हा प्रश्न पोरकट वाटेल. पण एके काळी तो जिवावरचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मालगाड्यांचे ब्रेक आवळण्यासाठी माणसे धावत्या गाडीच्या छतावरून चालत जात आणि प्रत्येक वाघिणीवरचे चाक हातांनी फिरवीत. पाऊस असो, बर्फ असो, वाट तीच. दोन वाघिणी जोडताना मधे उभे राहून कडीत खुंटी घालावी लागे. त्यात कित्येकांची बोटे तुटत, कित्येक प्राणांसही मुकत. अखेर २ मार्च १८९३ रोजी तेथे कायदा झाला. राज्याराज्यांतून धावणाऱ्या गाड्यांच्या वाघिणींना आपोआप जुळणारी जोडणी असावी आणि त्यांच्या बाजूंना व टोकांना धरावयास दांड्या असाव्यात, असे त्याने ठरविले. भिंतीवरील त्या साध्या दांडीमागे एवढा इतिहास आहे.

म्हणून खरा छांदिष्ट काय करतो? तो धारदार पात्याने ते उंचवटे अलगद तासून टाकतो. हे काम घाईचे नव्हे. पाते जरा खोल गेले की भिंतीला कायमचा ओरखडा! मग सुईच्या टोकाने दांडीच्या दोन्ही टोकांच्या जागी खूण करावयाची आणि बोटांनी फिरवावयाच्या बारीक गिरमिटाने भोके पाडावयाची. खूण न करता गिरमिट टेकवले, तर ते घसरते व भोक वाकडे पडते.

आता तार. खरी दांडी सुमारे दीड-दोन सेंटिमीटर जाड असते. तिला ८७ने भागले, तर जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते. पण इतकी बारीक तार हात लागताच वाकते. तेव्हा बहुतेक जण ०.३ मिलिमीटरची पितळी तार घेतात. गणित थोडे चुकते खरे, परंतु दांडी टिकते. तार पकडीने दोन्ही टोकांना काटकोनात वाकवून भोकांत बसवितात. ती किती आत ढकलावी? येथे एक छान युक्ती आहे. तारेच्या मागे पुठ्ठ्याचा पातळ तुकडा सरकवावयाचा, तार त्याला टेकेपर्यंत दाबावयाची, आतून चिकटद्रव्याचा थेंब लावावयाचा आणि तो सुकला की पुठ्ठा काढून घ्यावयाचा. सगळ्या दांड्यांमागे सारखीच पोकळी राहते. चिमट्यातून निसटलेली तार मात्र जमिनीवर काही केल्या सापडत नाही. म्हणून जाणती माणसे काठ असलेल्या पांढऱ्या ताटात काम करतात.

इंजिनाचेही असेच. वाफेच्या इंजिनाच्या पाठीवर वाळूची एक टाकी असते. रूळ निसरडे झाले की नळीतून चाकांपुढे वाळू सोडीत. ती नळी तारेची करता येते. प्लॅस्टिकच्या कोळशावर खऱ्या कोळशाचा चुरा पातळ केलेल्या गोंदाने बसविला की इंजिनाचे रूपच पालटते. मात्र चुरा चाळून घ्यावा. खऱ्या इंजिनातला मुठीएवढा कोळसा या प्रमाणात मोहरीएवढाच होतो. मोठा खडा राहिला, तर तो धोंड्यासारखा दिसतो!

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे वाघीण कोणत्या सालातली. अमेरिकेत १९६६ पासून नव्या वाघिणींच्या छतावर चालण्याची वाट ठेवण्याची गरज उरली नाही. तेव्हा १९५०ची वाघीण करावयाची, तर छतावरची वाट हवी आणि तेथपर्यंत पोचणारी शिडीही हवी. त्यासाठी त्या काळची छायाचित्रे शोधून पाहतात. एका शिडीच्या पायऱ्या मोजण्यात कधी कधी सारी संध्याकाळ जाते.

शेवटी दांड्यांना वाघिणीचाच रंग द्यावयाचा. मग पितळेची चमक झाकली जाते, आणि दिवा बाजूला धरला की प्रत्येक दांडीची केसासारखी बारीक सावली भिंतीवर पडते.