फाइल उघडण्याची रीत

आमच्या एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत लहानसा प्रोग्राम लिहिला होता. एक फाइल उघडावी, तिच्यांतील बाइट एकामागून एक वाचावे व दुसऱ्या फाइलींत लिहावे, एवढेंच त्याचें काम. घरच्या लिनक्स संगणकावर त्यानें आपल्या आजोबांच्या छायाचित्राची नक्कल केली. ती हुबेहूब उतरली. तोच प्रोग्राम शाळेंतील विंडोज संगणकावर कंपाइल करून चालविला, तों नक्कल अवघी ६ बाइटांची! ती पाहण्यापूर्वींच त्यानें पेन-ड्राइव्हवरील मूळ चित्र पुसून टाकलें होतें. घरीं एक प्रत होती म्हणून निभावलें.

आम्हांसही प्रथम त्याची चूक दिसेना. युनिक्सच्या गाभ्यास थेट हांक मारणारें 'ओपन' त्यानें टाळलें होतें; तें १९८८ च्या पॉसिक्स प्रमाणांतलें, सीच्या प्रमाणांत तें नाहीं. त्यानें घेतलेलें 'एफ-ओपन' १९८९ च्या सी-प्रमाणांत असल्यामुळें दोन्ही संगणकांवर चालतें. दोष होता पुढच्या खुणेंत: वाचण्यासाठीं नुसतें 'आर', लिहिण्यासाठीं नुसतें 'डब्ल्यू'.

अशा खुणेनें विंडोजवर फाइल मजकूर समजून उघडली जाते. तेथें ओळीच्या शेवटीं १३ व १० असे दोन बाइट असतात. वाचतांना त्यांचा एक १० होतो, लिहितांना पुन्हा दोन होतात. शिवाय वाचतांना २६ हा बाइट आला कीं फाइल संपली असें धरतात. ही वहिवाट जुनी. सीपी/एम यंत्रणेंत फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांनींच मोजीत, म्हणून मजकुराचा नेमका शेवट दाखविण्यास २६ लागे. तीच खूण डॉसमधून विंडोजपर्यंत आली. आतां मुलाचें चित्र होतें पीएनजी जातीचें, आणि अशा प्रत्येक फाइलीच्या आरंभीं १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० हे आठ बाइट असतातच. विद्यार्थ्यांनीं बोटांवर मोजून पाहावें. सहाच कसे उरले तें कळेल. (असली उलथापालथ चटकन् उघडकीस यावी म्हणूनच पीएनजीच्या कर्त्यांनीं हे आंकडे मुद्दाम योजिले आहेत!)

उपाय एका अक्षराचा. 'आरबी' व 'डब्ल्यूबी' लिहिलें म्हणजे बाइट जसेच्या तसे येतात-जातात. लिनक्सवर त्या 'बी'चा कांहींच परिणाम होत नाहीं, तेव्हां तें लिहिण्याचा आळस कशाला? मात्र 'डब्ल्यू'नें, आधींची फाइल असल्यास ती उघडतांक्षणींच रिकामी होते. तें टाळण्यासाठीं २०११ च्या प्रमाणानें 'एक्स' दिला आहे: 'डब्ल्यूबीएक्स' लिहिल्यास व त्या नांवाची फाइल असल्यास एफ-ओपन नकार देऊन 'नल' परत करतें. तो नल तपासल्यावांचून पुढें जाऊं नये.

मुलानें प्रोग्राम सुधारला, मूळ व नक्कल बाइटागणिक ताडून पाहिली, आणि या खेपेस मूळ चित्र मात्र पुसलें नाहीं.