ब्रिज राहू दे, आधी खुंट्या बघ

छोटे, तुझ्या बेस गिटारसाठी तू निवडलेला तो जाडजूड पितळी ब्रिज दिसायला झकास आहे, नाही म्हणत नाही. पण लग्नाच्या हंगामातलं सगळं मानधन त्यात घालायला निघालीस म्हणून म्हटलं, आपण दोघी जरा बसून बोलू. घरात बाकी कोणी तुला यातलं काही सांगणार नाही. आई अजूनही विचारते की या गिटारला दोन तारा कमी का.

तुझ्या तक्रारी दोन आहेत. आवाज भरीव येत नाही, आणि गाणं अर्ध्यावर आलं की तारा उतरतात. तू दोन्हींचं खापर ब्रिजवर फोडून मोकळी झालीस.

आवाजाचं आधी सांगते. ब्रिज बदलला की आवाज बदलतो असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे दाखवायला मोठी नावंही आहेत. बेसवादक मार्कस मिलरच्या 1977 च्या फेंडर जॅझ बेसवर ‘बॅडॅस’ नावाचा जड ब्रिज बसवलेला आहे. तो ऐकून जगभरच्या पोरांनी तसाच ब्रिज लावला. पण जेम्स जेमरसन आठव. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांना त्याने पाया दिला, तो 1962 च्या साध्या प्रिसिजन बेसवर, वाकवलेल्या पत्र्याच्या मूळ ब्रिजवर आणि जुन्यापुराण्या जाड तारांवर. तारा तर तो तुटल्याशिवाय बदलायचाच नाही म्हणतात. माझं मत विचारशील तर जड ब्रिजने पडणारा फरक खोलीत एकटी वाजवताना कदाचित कळेल. मांडवात ढोलक आणि ऑक्टोपॅड सुरू झाल्यावर तुलासुद्धा कळणार नाही. जेमरसनला जुन्या तारा चालल्या, पण तुझा आवाज मेलाय तो तारांमुळेच. पावसाळा ओलांडलेल्या तारा आहेत त्या, बाई. आधी नवा संच घाल, 45 ते 105 जाडीचा, आणि मग मला सांग.

ब्रिज बदलण्याची खरी कारणं वेगळी असतात. सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या ठोकळ्यांचे, स्क्रू गंजून जाम झाले, उंची धरून राहत नाही, किंवा सॅडल मागेपुढे पुरेसं सरकत नाही. 1951 चा पहिला फेंडर बेस आला तेव्हा चार तारांना मिळून दोनच सॅडल होते, त्यामुळे प्रत्येक तार वेगळी जुळवता येत नव्हती. 1957 मध्ये चार सॅडल झाले. तुझ्याकडे चार आहेत, चारही सरकतात. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजव, मग तिथेच नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढ. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे ने, उतरा आला तर पुढे आण. दीड मिलिमीटरची ॲलन की आणि एक स्क्रू ड्रायव्हर, झालं. पावसाळ्याआधी त्या बारीक स्क्रूंना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दे, म्हणजे गडचिरोलीचा पाऊस त्यांना खाणार नाही.

आता तारा उतरण्याचं. इथे मात्र तू पैसे घाल, मी आडवी येणार नाही.

तुझ्या बेसच्या खुंट्या उघड्या दात्यांच्या आहेत. मुंबईत एसी स्टुडिओत वाजवणाऱ्याला त्या जन्मभर पुरतील. तू राहतेस सूरजागडच्या रस्त्यावर. 2021 मध्ये तिथली लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू झाल्यापासून एटापल्ली-आलापल्लीकडे ट्रकांची रांग तुटत नाही, आणि ती लाल धूळ घरातल्या कपाटातसुद्धा शिरते, मग दात्यांना काय सोडणार! ती हेमॅटाइटची धूळ आहे. चुंबकाला फारशी दाद देत नाही, म्हणून पिकअपला चिकटून बसत नाही. पण दात्यांमधल्या जुन्या ग्रीसमध्ये कालवली की पाट्यावर वाटल्यासारखी पितळ झिजवत राहते. खुंटी धरून हलकेच हलव. तार ताणली न जाता खुंटी थोडी मोकळी फिरते ना? ती झीज आहे. चार तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर असतो, आणि तो झिजलेल्या दात्यांवर पडतो.

तेव्हा बंद डब्यातल्या दात्यांच्या खुंट्या घे. गोटोच्या चांगल्या, हिपशॉटच्याही, पण हिपशॉट महाग पडतील. वीसास एक असं प्रमाण लिहिलेलं असेल तर खुंटीचे वीस फेरे झाल्यावर तारेचा खांब एकदा फिरतो, म्हणजे सूर बारकाईने लागतो. वजनाने हलक्या मिळाल्या तर आणखी बरं. तुझ्या बेसचं डोकं पट्ट्यावरून सारखं खाली जातं आणि तू डाव्या हाताने ते तोलत बसतेस. खांदा दुखतो तो त्यामुळे, वय झालं म्हणून नव्हे.

मागवण्याआधी मापं घे. डोक्यातल्या भोकाचा व्यास कुठे 14 मिलिमीटर असतो, कुठे 17-18. भोक लहान निघालं म्हणून ड्रिल घेऊन बसू नकोस. जुने स्क्रू काढलेस की लाकडातली भोकं सैल झालेली असतील. आलापल्लीच्या सागाच्या देशात राहतेस, सुताराकडून सागाची बारीक काडी आण, फेव्हिकॉल लावून भोकात ठोक, रात्रभर वाळू दे आणि मग बारीक भोक पाडून स्क्रू घाल. तार कापताना खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील इतकी लांबी ठेव, आणि जाड तार आधी काटकोनात वाकव, मगच काप. सूर नेहमी खालून वर चढवत लाव.

आणि कधी ब्रिज काढलासच, तर त्याच्या पोटाखाली एक उघडी तार दिसेल. ती अर्थिंगची आहे, परत ब्रिजखालीच दाबायची. विसरलीस तर घरघर येईल. पण ती जागेवर असली की तुझ्या तारा थेट ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, हेही लक्षात ठेव. गावातला जनरेटर, लोंबकळणारी वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, की झटका बसू शकतो, आणि तो साधा नसतो. ऑर्केस्ट्राची पोरं हसली तरी चालेल, वाजवण्याआधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लाव. दिवा लागला तर बेस खाली ठेव आणि लाइटवाल्याला बोलाव. सूरजागडच्या ठाकूरदेवाच्या जत्रेत वाजवायला बोलावलं तरी हा नियम मोडायचा नाही. टेस्टर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो, तुझ्या त्या ब्रिजच्या किमतीत अख्ख्या ऑर्केस्ट्राला एकेक येईल.

रविवारी भोकांशेजारी पट्टी ठेवून फोटो काढ, डोक्याच्या पुढून आणि मागून, आणि मला पाठव. मी इथे नागपुरात दुकानात जुळवून बघते. पार्सल आलापल्लीपर्यंत येईल, पुढे एसटीने मागवून घेऊ. जुन्या खुंट्या टाकू नकोस, त्यांचे स्क्रू आणि वॉशर कामाला येतात.