चाकणचा वेढा किती दिवसांचा?

भोसरी ओलांडून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेस निघाले, की चाकण लागते. आज हे नाव ऐकताच मोटारींचे कारखाने आणि कांद्याचा बाजार डोळ्यांपुढे येतो. पण याच गावात संग्रामदुर्ग नावाच्या भुईकोट किल्ल्याचे अवशेष आहेत. इ. स. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या अफाट फौजेने त्यास वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा थोड्या शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने झुंजला.

मुलांनो, हा वेढा नेमका किती दिवस चालला, असे तुम्ही संगणकावरील शोधयंत्रास विचारले, अशी कल्पना करा. नुसते ‘चाकण’ लिहाल, तर कारखाने, घरभाडी आणि बाजारभाव यांचीच रास पुढे येईल. तुमच्या मनात किल्ला आहे, हे यंत्रास कसे कळावे? म्हणून ‘संग्रामदुर्ग’, ‘फिरंगोजी’, ‘१६६०’ असे नेमके शब्द द्यावे. ‘नरसाळा’ हे आडनाव कोणी ‘नरसाळे’ असेही लिहितात. दोन्ही रूपे घालून पाहावी.

आता एक पान ५४ दिवस म्हणेल, दुसरे ५५, तिसरे ५६. विश्वास कोणावर ठेवावा? सर्वांत वर आलेले पान सर्वांत खरे, असे मुळीच नाही. दहा पानांवर एकच आकडा आढळला, तरी नऊ जणांनी दहाव्याची नक्कल केलेली असू शकते. हल्ली यंत्र स्वतःच उत्तर रचून माथ्यावर मांडते. त्यासही विचारावे, ‘हे तुला कोणी सांगितले?’

दोन दिवसांचा फरक तो केवढा, असे कोणी म्हणेल. परंतु भर पावसाळ्यात ज्यांनी एकेक दिवस प्राणपणाने लढून काढला, त्यांचा हिशेब आपण निष्काळजीपणे का करावा?

हा माग काढीत गेलो, की आपण सर जदुनाथ सरकार यांच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी शिवचरित्रापाशी येतो, आणि तेथून औरंगजेबाच्या दरबारी लिहिलेल्या ‘आलमगीरनामा’ या फारसी ग्रंथापाशी. हा तर शत्रुपक्षाचा ग्रंथ! बादशहाची थोरवी गाणे हेच त्याचे काम. त्यातील स्तुती सावधपणेच वाचावी. मात्र या वेढ्यात मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले, ही माहितीही मोगलांकडूनच आलेली आहे. आपलेच नुकसान कोणी उगाच फुगवून सांगत नाही.

सरकारांच्या ग्रंथाप्रमाणे खान २१ जूनला चाकणपाशी पोहोचला, १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आता बोटे मोजा. २१ जून धरून बुरूज उडाला त्या दिवसापर्यंत ५५ दिवस होतात. पहिला दिवस सोडला, तर ५४. किल्ला पडला तो दिवस मिळवला, तर ५६. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. मोजणी कोठून कोठवर, एवढेच सांगायचे राहून गेलेले असते.

उडालेला बुरूज ईशान्येचा होता. त्या कोपऱ्यात आज काय उरले आहे, ते चाकणला जाऊन स्वतः पाहा.