वाडवडिलांची पत्रे: उघडावी की मिटून ठेवावी?



दिवंगत आप्तांची पत्रे एकमेकांस द्यावीत व निवडक छापावीत, असा विचार आपल्या काही कुटुंबांत चालू आहे. त्याबाबत शास्त्र काय म्हणते ते पाहू.

पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही. वडिलांनी लोदहून किंवा बेर-शेव्याहून लिहिलेली पत्रे अलिबागच्या काकांच्या पेटीत असतात आणि काकांची उत्तरे इकडे आपल्याकडे. एका घरात नुसते प्रश्न, दुसऱ्यात नुसती उत्तरे! तेव्हा देवाणघेवाण केल्यावाचून कोणाचाच पत्रव्यवहार पुरा होणार नाही.

परंतु सुमारे हजार वर्षांपूर्वी मायंझचे रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने एक निर्बंध घालण्यात आला: दुसऱ्याचे पत्र त्याच्या नकळत वाचू नये. टाकून दिलेल्या पत्राला मात्र तो लागू नाही. आता रुमालात बांधून चाळीस वर्षे जपलेले पत्र टाकून दिलेले कसे म्हणावे? शिवाय तालमूदात, योमा ग्रंथात, असा दंडक आहे की कोणी आपणांस काही सांगितले तर ‘जा, सांग’ असे म्हटल्याशिवाय ते इतरांस सांगू नये. मयत माणसाची परवानगी मिळणे नाही. म्हणून लिहिणाऱ्याची व ज्याला लिहिले त्याची, अशा दोन्हीकडच्या मुलाबाळांना आधी विचारावे, असे आमचे मत आहे. सरकारी कायदाही याच्या जवळपासच आहे: कागद ज्याला पत्र आले त्याचा, शब्दांवरील हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा.

खरी अडचण कडू पत्रांची. 1952 साली आपले काही लोक नाराज होऊन भारतात परतले. पुढे 1964 पर्यंत लग्नाच्या पात्रतेचा वाद चालला. त्या दिवसांतील पत्रांत राग आहे, अश्रू आहेत, कोणाच्या मुलीचे लग्न का अडले तेही आहे. ती वगळावीत काय? यिर्मयाचा 29 वा अध्याय उघडा. बाबेलमधील बंदिवानांना घरे बांधा, बागा लावा असे सांगणारे संदेष्ट्याचे पत्र त्यात आहेच; पण त्याच्याविरुद्ध शमायाने यरुशलेमास धाडलेल्या तक्रारीच्या पत्राचा मजकूरही तिथेच आहे. आमच्या मते राग ठेवावा. जिवंत माणसाची अब्रू जाईल तेवढी नावे गाळावीत.

एका पत्राचे मोल किती असते म्हणाल, तर 1768 साली कोचीनच्या यहेज्केल रहाबी यांनी हॉलंडातील टोबियास बोआस यांना लिहिलेले पत्र पाहा. मराठी मुलखात राहणारे, शेमा म्हणणारे, शब्बाथ पाळणारे बेने इस्राएल त्यात येतात. ते पत्र कोणी रद्दीत घातले असते तर आपल्याविषयीची एक फार जुनी लेखी साक्ष गेली असती.

मोडीतील पत्रे आधी वाचून घ्यावीत; ती लिपी जाणणारे वृद्ध आता थोडेच उरले आहेत. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत, छायाप्रत पाठवावी. ज्या जीर्ण कागदावर परमेश्वराचे पवित्र नाम हिब्रूत लिहिलेले असेल तो केराच्या टोपलीत न टाकता सिनेगॉगच्या गनीझात द्यावा.